रांगून पाहिलेलं घर

हसू नका, पण मागच्या रविवारी मी अख्खं घर रांगून काढलं.

माही पोरगी दहा महिन्यांची. माही आई तिले खाली सोडेच ना, ठेवली की उचल, ठेवली की उचल. शेवटी बायको म्हणाली, "आई, किती दिवस धरून ठेवसान? घरच असं करू की तिले मोकळं सोडता येईन." मग माह्याकडं वळून म्हणे, "तुम्ही रांगून पाहा बरं, तिच्या हाताले काय काय लागते."

मी रांगाले लागलो. दोन खिळे सापडले. तेवढ्यात शेजारचे सलीमभाई दारात आले. "काय हरवलं भाऊ?"

"काही नाही. पोरीच्या डोळ्यानं घर पाहून राह्यलो."

ते पोट धरून हसले. मी दिवाणाखाली डोकं घातलं, तर तिथं कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली. झाकण ढिलं. वरून पडन म्हणून मीच खाली सरकवलती.

बाटली घेऊन बाहेर आलो, झाकण घट्ट लावलं. शेतातल्या कोठीत नेऊन कुलूप लावलं, तवा कुठं आईनं पोरीले फरशीवर सोडलं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली अन् ताटली वाजवत बसली.

सलीमभाई मात्र बाटली दिसताच दारातून मागं वळले होते. "माहा नातूबी रांगून राह्यला," एवढंच म्हणाले अन् घरी गेले. थोड्या वेळानं त्यांच्या घरातून भाभीचा आवाज आला, "अजी, इस उमर में पलंग के नीचे क्या कर रहे हो?"