कारभाऱ्याचं नाव

भिवंडीच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको गाडीची वाट बघत बसले होते.

"मानकोलीची जमीन गोदामाला गेली, त्या पैशांतून चर्चला नवी कमान बांधू."

"आणि विनिताचं नर्सिंग?"

"पैसा देवाचा हाय, मार्था. आपण नुसते कारभारी."

"मग कमानीवर नाव कुणाचं?"

"माझं. कारभारी कोण ते लोकांना कळायला नको?"

"पोरगी म्हणते, आजाऱ्यांची सेवा करायला देवानंच तिला बोलावलंय."

"त्यानं बोलावलं असेल तर फीसुद्धा तोच भरेल."

"त्यानं कधीच पाठवलीय. तुमच्या खात्यात पडून हाय."

"गाडी आली वाटतं."

"आपली न्हाय ती. बसा खाली."