शुभेच्छुक

युरोपातल्या ल्यूकन गावच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे मराठी बाप-लेक उभे होते. वडील नुकतेच आलेले असावेत. स्वेटरवर जॅकेट आणि जॅकेटवर शाल होती.

“अण्णा, बस यायच्या आत सांगते. मी चिपच्या कंपनीतली नोकरी सोडली. सहा महिने झाले.”

“हात्तिच्या. तोंड एवढंसं केलंस, मला वाटलं दवाखान्याचं काहीतरी हाय. मग रोज डबा घेऊन जातीस कुठं?”

“युनिव्हर्सिटीत. पीएचडी करतेय. युरोपातल्या जुन्या राजांच्या स्वागत कमानींवर.”

“कमानी?”

“राजा शहरात येणार म्हटलं की लाकडाच्या, कापडाच्या उभ्या करायचे. संगमरवर वाटेल अशा रंगवायचे. राजा गेला की उतरवायचे.”

“फोटो दाव.”

“हे बघा. जुनं चित्र आहे.”

“मधला उंच माणूस राजा?”

“हो. खरा बुटकाच होता.”

“मग मोठाच काढाय लागतो. आमच्या आमदारांचं टक्कल मी वीस वर्षं बॅनरवर फेट्याखाली झाकलं. आन् खाली ही बारकी नावं कुणाची?”

“शहरातल्या व्यापाऱ्यांची. कमान त्यांनीच उभी केली.”

“म्हंजे शुभेच्छुक.”

“हो, अण्णा. शुभेच्छुकच.”

“रंग बाकी झकास दिलाय. बस आली बघ.”

“पण आईला काय सांगू?”

“तू काय सांगू नकोस. मी सांगतो, पोरीनं घरचा धंदा धरला.”