शिवाप्पांची संक्रांतवेल

संशयी माणूस मी एकच पाहिला, आमचे मुरुम गावचे शेजारी शिवाप्पा. निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाली होती, तरी दारावर थाप पडली की ते आधी फटीतून बघायचे, मग कडी काढायचे.

त्यांनी आमच्या दोघांमधल्या भिंतीला संक्रांतवेल लावली होती. वेल माजली, पण संक्रांत आली तरी त्यांच्या बाजूला एक कळी नाही. माझ्या अंगणात उतरलेला फाटा मात्र केशरी झुपक्यांनी नुसता पेटला होता.

शिवाप्पा तडक माझ्या दारात. "गुर्जी, खरं सांगा. मुळाशी काय घातलंत?"

"मूळ तुमच्या अंगणात, अप्पा. मी काय घालणार?"

"मग फुलं तुमच्याकडंच कशी वळली?"

मी भिंतीवरून डोकावलो. जागा भर उन्हाची, पण वेलीवर वरपासून खालपर्यंत गोणपाट!

"हे कशाला?"

"दृष्ट लागती. रस्त्यानं कोण कसल्या नजरेचं जातंय, काय सांगावं?"

"अहो, हिला दिवसभर ऊन लागतं. माझ्याकडं ते मिळालं, म्हणून फुलली. गोणपाट काढा, तुमच्याकडंही फुलंल."

शिवाप्पांनी डोळे बारीक केले. "म्हंजे तुमाला बघायला मोकळं, व्हय?" एवढं बोलून ते चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघतो, तर माझ्या बाजूच्या फुलांवरही गोणपाट!