आठ उरतात

स्वरदा : तिसऱ्यांदा नको, आजी. दोनदा नंबर टाकला, दोनदा पडद्यावर लाल आलं. अजून एकदा चुकला तर तुमचं दवाखान्याचं कार्ड दोन महिने बंद.

कृष्णाबाई : दोन म्हैन्यांत ह्यो डोळा जाईल, पोरी. डाक्टरच बोलला. एक तर आधीच गेलाय. आपरेशनची गाडी निघंल आता, टाक की नंबर.

स्वरदा : नावानं शोधायची सोय नाही शिबिरात. आणि हा नंबर चुकलाय.

कृष्णाबाई : कसा चुकंल? झोपडीत कागद टिकत न्हाई, म्हनून कार्ड व्हतं तवाच जत्रंत त्याचा नंबर हातावर गोंदून घेतला. सुईनं लिवलेलं बी चुकतंय व्हय?

स्वरदा : चुकतं. दवाखान्याच्या प्रत्येक नंबराला अकरानं पुरता भाग जातो. चूक पकडता यावी म्हणून तसेच नंबर दिलेत. तुमच्या हातावर आहेत चौपन्न कोटी त्र्याहत्तर लाख ब्याऐंशी हजार सहाशे तेरा. भागून बघितलं, आठ उरतात.

कृष्णाबाई : मंग आठ काढून टाक.

स्वरदा : मग तो भलत्याचाच नंबर होईल. बहुतेकदा शेजारचे दोन आकडे उलटे पडतात, आजी. मी एकेक जोडी फिरवून बघितली. दोनच बसतात. कोपराकडचे सात-तीन, नाहीतर मनगटाकडचे दोन-सहा. कुठलीही एक जोडी फिरवली की भाग जातो.

कृष्णाबाई : त्यातली माजी कंची?

स्वरदा : ते गणितातून नाही कळत. आणि मी काही दवाखान्यातली नाही. जांब्याला राहते, कंपनीत कामाला आहे, रविवारी इथं मदतीला येते. भीती वाटतेय मला.

कृष्णाबाई : तुला कशाची गं? डोळा माजा हाय.

स्वरदा : गोंदताना आकडे कोण सांगत होतं?

कृष्णाबाई : माजी नणंद, सारजाबाई. ती येकेक वाचायची, गोंदणारी टोचायची. निम्म्यापत्तुर गुमान बसले. मंग सुई शिरंवर आली आन मी हात ओढला. सारजी लागली भांडाया. कुटवर वाचलं तेच इसरली.

स्वरदा : कुठली शीर? बोट ठेवा.

कृष्णाबाई : दिसत न्हाई नीट. पर दुकल्याली जागा कोन इसरतंय? ही. हितं.

स्वरदा : मनगटाकडची. नक्की ना? कोपराकडं नव्हे?

कृष्णाबाई : गोंदन माज्या हातावर झालं का तुज्या? टाक.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

स्वरदा : टाकते. चौपन्न, त्र्याहत्तर, शहाऐंशी, दोनशे तेरा.

कृष्णाबाई : काय झालं? बोल की गं.

स्वरदा : हिरवं आलं, आजी. कृष्णाबाई देवू वाघमारे, मुक्काम मुळशी. वय बासष्ट.

कृष्णाबाई : वय चुकलंय. पर ऱ्हाऊ दे, आता त्याला हात लावू नको.