दहांतला एक

जर्मनीतल्या फ्रँकोनिया भागातल्या आमच्या गावात, डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गेर्लिंडे आणि तिचा धाकटा भाऊ ओटमार नंबरची वाट बघत बसले होते. दुसरं महायुद्ध संपून चाळीस वर्षं झाली होती.

“वर्नन उद्या अमेरिकेहून येतोय. चेरीचा केक करशील?”

“आईला मारणाऱ्यासाठी? कंटाळले रे मी या विषयाला.”

“मीही कंटाळलोय, गेर्लिंडे.”

“त्याच्या विमानातून बॉम्ब पडला आणि आई गेली.”

“आणि माझ्या तोफेने त्याचं विमान पाडलं. दहा जणांतला तो एकटा वाचला. त्या दिवशी त्यांची साठ विमानं परत गेलीच नाहीत.”

“तुझ्याच तोफेने कशावरून? गावाभोवती चाळीस तोफा होत्या.”

“मग बॉम्ब तरी त्याचाच कशावरून? आम्हा दोघांनाही माहीत नाही. म्हणून तर आम्हाला एकमेकांशी बोलता येतं.”

“मी नाही बसणार त्याच्याबरोबर.”

“नको बसूस. पण एक सांगायचं राहिलंय. दर ऑक्टोबरात, आई गेली त्या दिवशी, तिच्या कबरीवर फुलं असतात ना, ती माझी नसतात. तो पाठवतो.”

“किती वर्षं?”

“अकरा.”

“आणि मी गावभर सांगत फिरले, आमचा ओटमार आईला विसरत नाही म्हणून!”

“खरं सांगितलं असतं, तर तू ती फेकून दिली असतीस.”

“दिलीच असती.”

नर्सने तिचं नाव पुकारलं. गुडघ्यावर हात टेकून ती सावकाश उठली.

“त्याला सांग, आईला पांढरी फुलं आवडत नसत. पिवळी आण म्हणावं.”