अडतीस नावं

तेरा जानेवारी, मंगळवार, सकाळभर धुकं — अंदाजानं नाही सांगत, पुनारामभाऊ, माझ्या डायरीत लिहून हाय. मोतीबिंदूच्या शिबिराची यादी त्याच दिवशी माझ्या या टायपिंगच्या दुकानात तयार झाली. तुम्हाले मंजूबाईच्या विरोधात अर्ज टाइप करून पाहिजे? हौ, करतो. आशा कार्यकर्ती असून तिनं तुमचं नाव पाठवलं नाही, असंच ना? अन् आता डॉक्टर म्हणतो, उशीर झाला, उजव्या डोळ्याले ऑपरेशनचा फायदा नाही — हेही लिहितो. बसा.

त्याचं असं हाय — मोबाइलवरून आलेल्या नावांत काही चिन्हं चिकटून येतात. आपल्याले दिसत नाही, मशीनले दिसतात, अन् कागदावर नावाच्या मधात डबे-डबे छापून येतात. आधी मी एकेक नाव हातानं साफ करत होतो. मंग स्वतःच शिकून मशीनले हुकूम लिहून देला — जे छापण्यासारखं नाही ते फेक. बटन दाबलं की यादी चकाचक. कोणी शिकवलं नाही ना मले, म्हणून घमेंड लय. पण ठेवायचं काय? तर इंग्रजी अक्षरं, मी तेवढंच सांगितलं होतं. बाकी गावांची नावं इंग्रजीत आलती, तुमच्या कटंगीकडची हिंदीत. मशीननं ती सगळीच कचरा समजून फेकली, अन् रिकाम्या ओळी मीच मिटवल्या.

हौ, मी. मंजूबाईनं यादी पाठवलती. तुमचं नाव चौथं होतं.

उठू नका, ऐका. मोजलं नाही असं नाही — मी मोजतोच. आधी दोनशे बारा, नंतर एकशे चौऱ्याहत्तर. डायरीत दोन्ही आकडे हायेत, अन् पुढं माझ्याच हातचं, ‘अडतीस नावं दोनदा आलती, म्हणून कमी.’ उघडून पाह्यलं होतं का? नाही. तुम्ही लोक शिबिराच्या गेटवर उभे राह्यले, मले फोन आला, तवा पाह्यलं. तवा तरी सांगावं ना? मी म्हणालो, कटंगीची यादी आलीच नाही. ती बिचारी सगळ्यांसमोर मोबाइल दाखवून राह्यलती, अन् शिबिराची मॅडम म्हणे, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. शिबिराच्या कामातून काढलं तिले. परवा बाजारात दिसली — मले म्हणते, भैया, तुमच्याकडं तरी आलती का हो यादी? मी भाजी निवडत राह्यलो. वांगी. मले वांगी चालतही नाही.

काहून असे पाहून राह्यले? अर्ज ना — झाला, बोलता बोलताच केला. वाचून दाखवू? यात मंजूबाईचं नाव फक्त एकदा हाय, यादी वेळेवर पाठवली म्हणून. चूक माझी लिहिली हाय, हेमराज, बापाच्या नावासकट. इथं बोट ठेवतो, इथं सही करा. हौ, थोडं खाली.

दोन प्रती काढल्या. एक शिबिरवाल्याइले, एक मंजूबाईले. जा आता, कटंगीची बस लागली असंल.