शिडीपाशी राहिलेल्या चपला

विमानात चढताना मी चपला खाली शिडीपाशी काढून ठेवल्या, नीट एकमेकींना चिकटवून, परत येताना पटकन पायात सरकवता याव्यात अशा, आणि विमान उडालं. हसा, हसा, अख्खं सातपाटी हसतं, तुमी कशाला मागे राहता. पण काय सांगू तुमाला, आमच्यात होडीत चपला घालून कोणी चढत नाय. आधी नाळेला, म्हंजे होडीच्या पुढच्या टोकाला, हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, आणि अनवाणी आत पाय ठेवायचा. बापानं मला तेच शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. आता विमानाला पण पुढे टोक, मागे शेपूट, पोटात माणसं, तेव्हा मला वाटलं ही होडीच हाय, फक्त वरून जाते. टोकापर्यंत हात पोचेना, म्हणून दाराच्या चौकटीला लावला आणि नमस्कार केला. दारातली बाई माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. मी मनात म्हटलं, बघा, हिला रीत कळते.

मी हरेश्वर, जन्म सातपाटीचा, वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांखाली रांगलेला. बापाची होडी होती, ती भावांकडे गेली, आणि मी माझ्या मेव्हण्याच्या, काशिनाथच्या होडीवर खलाशी झालो. काशिनाथ म्हंजे माझ्या बायकोचा, हिराबायचा, एकुलता एक भाऊ, होडीचा तांडेल, त्याचा शब्द होडीवर शेवटचा. मी कसा खलाशी होतो ते विचारू नका, काशिनाथ म्हणायचा, भावजी, तुमी होडीत नसलात की होडी हलकी चालते. तेवढ्यात तारापूरला वीजघराचं मोठं बांधकाम निघालं, साहेबलोकांना समुद्रात नेऊन पाणी किती खोल ते मोजायला होडीवाला माणूस पायजे होता, मी तिकडे लागलो. काशिनाथ त्या सालापासून इंजिनाची होडी घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्याला जायला लागला.

तिकडेच त्याचा पाय इंजिनाच्या पट्ट्यात गेला. जामनगरच्या इस्पितळातून तार आली, पाय कापावा लागणार, पण हा घरचं माणूस आल्याशिवाय कापू देत नाय, ताबडतोब या. मला माहीत होतं काशिनाथ किती हट्टी, तो मरंल पण ऐकणार नाय. हिराबाय रडली नाय. तिनं सुके बोंबील आणि सोडे फडक्यात बांधले, म्हणाली, तिथल्या लोकांनी त्याला बघितलं, त्यांना द्या, आणि पाय गेला तर जाऊ दे, माझा दादा घेऊन या. साहेब भला माणूस, मद्रासकडचा, तो म्हणाला, रेल्वेनं जाशील तर गाड्या बदलण्यात दीड दिवस जाईल, तेवढ्यात पाय आणखी सडेल, विमानानं जा, सकाळी बसलास की जेवायच्या वेळेला जामनगर. तिकीट त्यानंच काढलं आणि सांताक्रूझला जीपनं सोडलं.

तर मी आत, चपला खाली, आणि माझ्या मांडीवर बोंबलांचं बोचकं. पहिल्यांदा शेजारच्या शेठनं नाकाला रुमाल लावला, मग पुढच्या बाईनं, मग तो रुमाल रांगेरांगेनं मागे गेला. दारातली ती बाई आली, सडपातळ, केसांचा उंच अंबाडा, कोट घातलेल्या पोराला इंग्रजीत काय तरी बोलली, त्यानं दोन बोटांत बोचकं उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि मागे नेलं. मी म्हटलं, बाई, माझ्या चपला पण खाली राहिल्या. तिला कळलं नाय, मी पाय वर करून दाखवला. आता विचार करा, मच्छीमाराचा पाय, भेगा पडलेला, आणि तो तिच्या साडीसमोर. ती मागे सरकली, त्या पोराकडे बघून हसली, आणि नंतर गोळ्यांचं ताट घेऊन आली तेव्हा शेठला दिल्या, मागच्याला दिल्या, माझ्यावरून ताट असं गेलं जसा मी खुर्चीचाच भाग हाय. गोळीचं मला काय एवढं नव्हतं. होतं थोडं. पण तिथून मला भीती बसली, की हिला काय विचारायची आपली लायकी नाय.

तरी विचारलं. विमान खाली उतरलं, थांबलं, काही लोक उठले, काही बसून राहिले. मी उठून विचारलं, बाई, जामनगर? ती दारापाशी दुसऱ्या कोणाला हसून नमस्कार करत होती. वळली नाय, नुसता हात हलवला, बैठो, बैठो. मी बसलो. परत उठलो, म्हटलं, जामनगर हाय का हे, माझा माणूस इस्पितळात हाय. तो कोटवाला आला, खांद्यावर हात ठेवून त्यानं मला खाली दाबलं, बोला ना बैठो. खिडकीतून मला पाटी दिसत होती, पण वाचता येत असतं तर मी होडी कशाला वल्हवली असती. शेठला विचारायला वळलो तर शेठ उतरून गेला होता. दार लागलं. विमान परत उडालं, आणि मी समाधानानं बसलो, की जामनगर आता येईल.

आलं ते भुज. सगळे उतरले तेव्हा ती माझ्याजवळ आली, माझं तिकीट बघितलं आणि म्हणाली, आप तो जामनगर के थे, उतरे क्यों नहीं?

मी भुजच्या त्या उन्हात, तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभा, पाय भाजतायत, एकावर दुसरा ठेवतोय, बगळ्यासारखा, बोचकं छातीशी, आणि समोर कचेरीतला माणूस म्हणतो, विमान परत त्याच वाटेनं जाईल, पण जागा नाय, उद्या या. मी हात जोडले. म्हटलं, माझा मेव्हणा माझ्या वाटेकडे डोळे लावून पाय सडवत बसलाय. तो म्हणाला, तुमी चुकलात, आमी काय करणार. मी म्हटलं, मी उठलो होतो, मला बसवलं. त्यानं त्या बाईकडे बघितलं, ती म्हणाली, इनको कुछ समझता नहीं. आणि खरं सांगतो, माझं मलाच वाटायला लागलं, की खरंच आपल्याला काय समजत नाय, आपण उगाच आलो, हिराबायनं दुसऱ्या कोणाला तरी धाडायला पायजे होतं.

मग मी काय केलं, विमानाच्या शिडीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसलो, आणि कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. वादळात डोलकाठीला मारतो तशी. माणसं चढायला आली, थांबली. कोटवाला माझी बोटं सोडवायला बघत होता, पण जन्मभर जाळी ओढलेली बोटं ती, आयुष्यात एकदाच कामाला आली. मी नुसता ओरडत होतो, जामनगर, जामनगर, तेवढा एकच शब्द. शेवटी वरून विमान चालवणारा साहेब खाली आला, त्यानं विचारलं, मी सांगितलं, आणि तो त्या बाईला म्हणाला, मागे तुझी जागा हाय ना, तिथं बसव. तर मी तिच्या घडीच्या खुर्चीवर बसलो आणि ती सामानाच्या पेटीवर. वाटेत ती म्हणाली, आपने ठीक से पूछा क्यों नहीं? तिनं गोळ्यांचं ताट पुढे केलं. मी मूठ भरून घेतल्या, राग म्हणून, आणि खाल्ली एक पण नाय.

इस्पितळात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. काशिनाथ तापानं लाल, पण मला ओळखलं, म्हणाला, भावजी, आलात, आता कापा म्हणावं. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, दुपारी आला असता तर गुडघा राहिला असता, आता वरून कापावा लागंल. एवढंच म्हणाला, माझ्यावर चिडला नाय. चिडला असता तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी काशिनाथ जरा बसता झाला, आणि त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, फोड फुटलेले, चिंध्या बांधलेल्या. म्हणाला, खाटेखाली माझ्या चपला हायत, घाला. मी म्हटलं, मग तू? तो म्हणाला, मी आता दोन कुठे घालणार हाय? आणि हसला, मी पण हसलो, आणि मग दोघं पण थांबलो. गुडघ्याचं त्याला मी सांगितलं नव्हतं, डॉक्टरनं सांगितलं असावं, कारण त्यानं कधी विचारलं नाय.

आता तो बंदरावर जाळी विणतो. हात चांगला हाय, लांबून लोक त्याच्याकडे जाळी आणतात. होड्या निघतात तेव्हा तो मान खाली घालून विणत राहतो, वर बघत नाय. मी तारापूरहून सुट्टीला आलो की त्याच्याजवळ बसतो, सुई भरून देतो. डोक्यावरून विमान गेलं तर तोच म्हणतो, भावजी, तुमची होडी चालली. तो सुखी राहो, एवढंच मागतो मी, आणि ती बाई पण सुखी राहो, तिच्या माणसाला कुठल्या दारात कोणी असं न बसवो.

हिराबाय काय म्हणाली विचारता? घरी तार करायची हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकटा परत आलो, काशिनाथला अजून महिनाभर तिथंच ठेवणार होते, आणि मी दारातून आत शिरलो तसं तिनं माझ्या तोंडाकडे नाय, पायांकडे बघितलं. त्या चपला तिनंच भाऊबीजेला दादाला घेतल्या होत्या. ती मटकन खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की वाडीतल्या बायका धावत आल्या, त्यांनी पण सूर धरला, आणि मी मधे उभा राहून सांगतोय, जिवंत हाय, अगं जिवंत हाय, पण माझं ऐकतंय कोण, विमानात नाय ऐकलं, घरात पण नाय. शेवटी घसा फुटेपर्यंत ओरडलो, आणि ती गप्प झाल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं, शिडीपासून गुडघ्यापर्यंत.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, लोकांच्या विमानाला पाया पडून चपला काढता, आणि आपल्या घरात अशाच घालून उभे? काढा त्या. एक दादाला लागंल.